खिळे मोजणारे साहेब

"बसतो जरा. उभ्यानं घर दिसत न्हाई."

असं म्हणत ते उंबऱ्याबाहेर चपला काढायचे आणि घरातलं कुणी 'या' म्हणायच्या आत फरशीवर मांडी घालून बसलेले असायचे. खुर्ची पुढे केली तरी घ्यायचे नाहीत. पाठ दाराच्या चौकटीला टेकवायची, कापडी पिशवी मांडीवर घ्यायची, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि मग मान सावकाश फिरवत चारी भिंती बघायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, गृहस्थ दमलेत. तिसऱ्या दिवशी कळलं की ते खिळे मोजत होते.

मी मूळची लातूरची. समूह संघटिका म्हणून कंत्राटावर नांदेडला लागले आणि घरकुलाच्या कामात यांच्या हाताखाली आले. पत्र्याच्या वस्तीतल्या लोकांसाठी गावाच्या कडेला चार इमारती बांधल्या होत्या. ज्याच्या नावानं घर, त्यानंच त्यात राहायचं, भाड्यानं द्यायचं नाही, अशी अट होती. अट कागदावर होती आणि घरांमधून भलतेच लोक राहत होते. ते शोधून काढणं हे आमचं काम. सरकारी भाषेत तपासणी म्हणतात. वसाहतीच्या भाषेत आम्ही आलो की नुसतं "आले" म्हणायचे.

ऑफिसात आम्ही त्यांना काका म्हणायचो. गाव देगलूर, त्यामुळे मराठी बोलता बोलता बायांना "अम्मा" अशी हाक मारायचे आणि वेळ पडली तर तेलुगूतही भांडायचे. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "लातूरवाल्या मॅडम, पानी प्या पोटभर," म्हणायचे, "इथं गोदावरी हाय. तुमच्याकडं घोट मोजून देतेत, मला म्हाईत हाय." मी चिडायची, आणि ते बडीशेप चघळत गालात हसायचे.

आता खिळ्यांचं सांगते. तुम्ही कधी भाड्याच्या घरात राहिला असाल तर तुम्हाला पटेल. काकांचं म्हणणं असं, की भाडेकरू भिंतीला हात लावायला भितो. आधीच्या माणसानं ठोकलेला खिळा असेल त्यावरच तो आपला शर्ट अडकवतो, नाहीतर सामान पिशव्यांत भरून कोपऱ्यात ठेवतो. घरवाल्याचं तसं नसतं. त्याला देवाचा फोटो लावायचा असतो, आरसा लावायचा असतो, पोराची सायकल टांगायची असते, आणि हे सगळं तो मनाला येईल तिथं ठोकतो. "सात-आठ खिळे दिसले, वाकडेतिकडे, त्यातले दोन उगीचच, की समजायचं खरा मानूस हाय," हे त्यांचं शास्त्र.

हे त्यांना कुठल्या परिपत्रकातून कळलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तीस वर्षं नांदेडात भाड्यानं राहिलो, मॅडम. चार घरं बदलली. मालकाला इचारल्याबिगर एक खिळा ठोकला न्हाई. माझी बायको अजून क्यालेंडर खिडकीच्या गजाला बांधती." एवढं बोलून लगेच पुढच्या दाराकडे वळले.

शास्त्र चालायचं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एका घरात एक तगडा तरुण होता. घर ज्याच्या नावावर, त्याचा आपण सख्खा भाऊ, असं छातीवर हात मारून सांगत होता. काका खाली बसले, भिंतीकडे पाहिलं, दोनच खिळे. मग अगदी मायेनं म्हणाले, "भाऊ ना तुमी? मग थोरल्या पुतनीचं नाव काय म्हनले?" तरुण छताकडे बघू लागला. काका म्हणाले, "बरं, पुतनी हाय का पुतन्या, तेवढं तरी सांगा." तरुण म्हणाला, "दोन्ही हायत." घरमालकाला मूलबाळच नव्हतं.

पण त्या तरुणावर ते चिडले नाहीत. बाहेर पडताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जवळच कुठं खोली मिळेल ते सांगितलं. वर आठ दिवस थांबतो म्हणाले. चिडले ते खऱ्या मालकावर. त्याचं अर्धापूरकडे दुमजली घर होतं, केळीची बाग होती, आणि हे घरकुल त्यानं भाड्यानं दिलं होतं. त्याला फोन लावून काका जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "हितं एक खोटा राहतो ना मॅडम, तवा तिकडं नाल्यावर एक खरा मानूस पत्र्याखाली बसून राहिला असतो. त्याचं नाव यादीत हाय. मी त्याला रोज बघून राहिलो." यादीतली माणसं त्यांना नावानिशी पाठ होती. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा पत्रा उडाला, सगळं.

हळूहळू खिळ्यांची गोष्ट वसाहतीत फुटली. कुणी फोडली ते मला ठाऊक आहे, कारण ती मीच चहाच्या टपरीवर हौसेनं सांगितली होती. पुढच्या वेळी आम्ही फाटकातून आत शिरलो आणि चारी इमारतींमधून ठकठक ऐकू येऊ लागली. जणू सगळ्या वसाहतीत एकाच दिवशी लग्न निघालं होतं. मी शरमेनं मान खाली घातली. काका शांतपणे टपरीच्या बाकड्यावर बसले आणि दोन चहा सांगितले. "ठोकू द्या. दमले की जाऊ."

वर गेलो तर एका घरात भिंतीवर अकरा खिळे, सगळे एका ओळीत, कोरे करकरीत. एकावरही काही टांगलेलं नाही. काकांनी घरातल्या माणसाला विचारलं, "दादा, दुकान टाकून राहिले का?" तो माणूस स्वतःच हसायला लागला आणि हसता हसता सगळं कबूल करून बसला. बालाजीचा एक फोटो तर त्या दिवशी आम्हाला तीन घरांत भेटला. तिसऱ्या घरात काकांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, "देवा, तुमी बसा आता, लई जिने चढलात."

तर असा हा माणूस. त्यांच्या डोळ्यातून काही सुटत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्यांचीही थोडीफार तशीच झाली होती, आणि तिथंच घोळ झाला.

बी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुमनबाईंचं घर. आम्ही सकाळी अकराला गेलो तेव्हा दार एका दुसऱ्याच बाईनं उघडलं. काका बसले. भिंती बघितल्या. एक खिळा नाही. एकही नाही, म्हणजे बिल्डरनं दिली तशी भिंत. कपडे गोणीत, भांडी ट्रंकेवर, देव पाटावर, कॅलेंडर गुंडाळून कोपऱ्यात उभं. "तुमी कुठले, अम्मा?" काकांनी विचारलं. बाई म्हणाली, "आमी हदगावचे." कागदपत्रं कुठं आहेत ते तिला सांगता येईना. घर कुणाचं म्हटल्यावर "ताईचं" म्हणाली, पण ताई कुठं गेली, केव्हा येणार, याला धड उत्तर नाही. 'ताईचं घर' हे उत्तर आम्ही त्या महिन्यात दहा ठिकाणी ऐकलं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अहवालावर 'पोटभाडेकरू' हा शब्द माझ्या अक्षरात आहे.

एरवी ते प्रत्येक घरी दोनदा जायचे, वेगवेगळ्या वेळेला. त्या खेपेला रद्द करायच्या घरांच्या यादीसाठी वरून घाई होती. दुसरी फेरी झाली नाही.

खरं काय होतं ते नंतर कळलं. ती सुमनबाईंची सख्खी धाकटी बहीण. स्वतःच्या नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस आलेली, आणि सरकारी माणसं दारात बघून बावचळलेली. आम्ही तिच्या हातात नोटीस दिली, आणि तिनं ती परत जाताना भाकरी बांधायला वापरली. आमची नोटीस हदगावला पोचली, सुमनबाईंना मात्र पत्ता नाही. दुसरी नोटीस जिन्यातल्या फळ्यावर लावली. सुमनबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला वाचता येत नव्हतं. त्या पहाटे अर्धापूरला केळीचे घड गाडीत भरायला जायच्या आणि दुपार कलल्यावर यायच्या. फळ्यासमोरून रोज दोनदा जात होत्या.

घर रद्द करून सील करण्याचा आदेश निघाला. यादीतल्या पुढच्या कुटुंबाला कळवूनही झालं. मंगळवारी सकाळी आम्ही तिघे गेलो: काका, मी आणि खळीची बादली घेतलेला आमचा शिपाई. केळीची गाडी त्या दिवशी आली नव्हती, म्हणून सुमनबाई घरी होत्या. बारीक, काळ्यासावळ्या, हातांना केळीच्या चिकाचे डाग. काकांनी आदेश वाचून दाखवला. त्यांना त्यातलं काही समजल्यासारखं दिसलं नाही.

शिपायानं ब्रश खळीत बुडवला आणि दाराशेजारच्या भिंतीवर एक फटकारा ओढला.

त्यासरशी ती बाई अशी धावली की बादली कलंडायची राहिली. "अय दादा! भिंतीला नको! दाराला लाव, माझ्या कपाळाला लाव, भिंतीला नको!" आणि पदरानं ती खळ पुसू लागली. आदेश वाचून झालाय, घर जातंय, आणि ही बाई भिंत पुसतेय. रंग जाऊ नये म्हणून हलक्या हातानं, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तशी.

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी काकांकडे. काका आतल्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते.

"अम्मा," ते म्हणाले, "तुमच्या भिंतीला एकबी खिळा का न्हाई?"

"खिळा?" सुमनबाई वळल्या. "एवढी सरळ भिंत हाय साहेब. तिला भोक पाडू व्हय? आमच्या पत्र्याला भोकंच भोकं व्हती. दिस उगवला की अंगावर ठिपके पडायचे. आमच्या मालकानं, रेखाच्या बापानं, क्यालेंडर आनलं, ठोकतो म्हनले. म्या म्हनलं, आधी मला ठोका, मग भिंतीला हात लावा."

काका मटकन खाली बसले. त्या वेळी 'बसतो जरा' म्हणाले नाहीत.

सुमनबाईंना आता कुठं काय चाललंय ते उमगलं. आवाज बारीक झाला. त्यांच्या लेकीचं, रेखाचं, सासर औशाकडे. तिला पाचवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला पत्र्याच्या खोलीत लेकीला कसं आणायचं म्हणून बाळंतपण सासरीच झालं, आणि सासूनं ते बोलून दाखवायचं एक दिवस सोडलं नाही. "औंदा म्या सवता जाऊन सांगून आलेय साहेब. लेकीला नेते म्हनलं. माझं घर हाय आता म्हनलं." मग माझ्याकडे वळल्या. "आता तिला काय सांगू?"

मला अहवालातलं 'पोटभाडेकरू' आठवलं. तो शब्द माझ्याच अक्षरात होता.

काकांनी शिपायाला सांगितलं, "बादली घे, खाली जा." मग मोठ्या साहेबांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला अर्धंच ऐकू आलं. आदेशावर सही झालीय, पुढच्याला कळवलंय, तुम्हाला आत्ता का आठवलं, असं काहीतरी. काका एवढंच म्हणाले, "सील होनार न्हाई, साहेब. मी कुलूप लावून नाही राहिलो. तुमी दुसऱ्याला पाठवा, मी दारात बसून राहतो." फोन ठेवला आणि तिथंच मांडीवर पंचनाम्याचा कागद घेऊन लिहिलं: 'या घराबाबतचा पूर्वीचा अहवाल चुकीचा आहे. तो मी दिला आहे.' खाली पूर्ण सही. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

मी म्हणाले, "काका, शब्द मी लिहिला होता. माझंही नाव घाला."

"तुमचं कंत्राट हाय, मॅडम. तुमाला काढायला त्यांना एक फोन बास हाय. मला काढायला तेवढे कागद जमवीस्तोवर मी रिटायर होतो." आणि डोळे मिचकावले. अशा वेळीसुद्धा!

सुनावणी झाली. बी इमारतीतल्या बाया टेम्पो करून ऑफिसात आल्या. एरवी आम्हाला बघून दारं लावणाऱ्या त्या बाया एका सुरात सांगू लागल्या की सुमन इथंच राहते, पहिल्या दिवसापासून राहते. मोठे साहेब म्हणाले, "शेजाऱ्यांची साक्ष कशी धरायची? ते सगळे एकमेकांना सामील असतात." हे वाक्य आम्हाला काकांनीच शिकवलेलं. काकांनी नुसता घसा खाकरला.

"बरं, पण तुम्ही ही बाई भाडेकरू आहे असं ठरवलं कशावरून?" साहेबांनी विचारलं.

खोलीत वीस-पंचवीस माणसं. काका उभे राहिले. "खिळ्यावरून, साहेब."

"कशावरून?"

"भिंतीवरचे खिळे मोजतो मी. हिच्या घरी एकबी नव्हता."

आधी एक जण फुसकन हसला, मग सगळी खोली. साहेबही हसले. ज्या गोष्टीचा या माणसाला मनातून अभिमान होता, ती त्या दिवशी सगळ्या ऑफिसची करमणूक झाली. मला रडू यायला लागलं होतं. काका हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "हसा साहेब, हसन्यासारखंच हाय. मी खिळे मोजून राहिलो होतो, आन ही बाई भिंत जपून राहिली होती. दुसऱ्यांदा गेलो असतो तर कळलं असतं. गेलो न्हाई. माझं चुकलं. पन घर तिचं हाय."

त्यानंतर कुणी हसलं नाही. लाइट बिल, रेशन कार्ड, अर्धापूरच्या मुकादमाची चिठ्ठी असे कागद मी धावपळ करून गोळा केले आणि आठ दिवसांत आदेश मागे घेतला गेला. यादीतल्या पुढच्या कुटुंबाला, घरकुल भाड्यानं देणाऱ्या अर्धापूरच्या त्या केळीवाल्याचं घर मिळालं, आणि त्याची किल्ली द्यायला काका स्वतः नाल्यावर गेले. काकांना लेखी ठपका मिळाला. त्याची व्यवस्थित घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवला. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी सवता सही करून मला दिलेला पयला कागद हाय हा. बायकोला दाखवतो."

निवृत्तीपर्यंत त्यांनी परत खिळे मोजले नाहीत. घरात जायचे, बसायचे, आणि सरळ विचारायचे, "अम्मा, या घरात आल्यावर पयल्या दिवशी काय शिजवलं होतं?" खरी माणसं त्यावर अर्धा तास बोलायची. कुणी शिरा सांगायचं, कुणी वरणफळं. एका आजीनं तर त्या दिवशी गॅस नव्हता, शेजारणीकडून आणलेला भात खाल्ला, हे सांगताना डोळ्याला पदर लावला. आमच्या तपासण्या फार लांबायला लागल्या. पण चूक एकही झाली नाही.

मग शाल, नारळ, दोन भाषणं, आणि काका देगलूरला भावाकडे राहायला गेले. त्यांचा भाग माझ्याकडे आला. कुठल्या घरात कोण राहतं त्याची नवी नोंदवही मिळाली. दुपारच्या उन्हात तीन मजले चढले की शेजारी कुणी 'लातूरवाल्या मॅडम' म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू?

देगलूरला गेले ते परत एकदाच आले. रेखाच्या मुलीच्या बारशाला. सुमनबाईंनी माझ्याकडून फोन लावून घेतला होता आणि त्यात एकच वाक्य बोलल्या होत्या, "साहेब, तुमी आल्याबिगर पाळन्यात घालनार न्हाई."

एसटीनं आले. हातात झबलं आणि एक खुळखुळा. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. औशाची सासूबाई सोयऱ्यांच्या मानानं मधोमध बसली होती आणि प्रत्येक येणाऱ्याला "विहिणीचं घर हवेशीर हाय हो," असं सांगत होती, जसं काही तिनंच बांधलं होतं. बायांनी नाव ठेवलं, अनन्या. बाळ काकांच्या मांडीवर दिलं. ते मूठ मिटून झोपलं होतं. काकांनी खुळखुळा वाजू न देता खाली ठेवला.

निघताना मला म्हणाले, "वही हाय का जवळ?"

मी कामावरूनच गेले होते, वही पिशवीत होती. त्यांनी बी इमारतीचं पान काढलं, तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं आणि खिशातून पेन काढलं.

"काका, तुम्ही रिटायर झालात. ही सरकारी नोंद आहे."

"सही तुमी करा. अक्षर माझं राहू द्या."

आणि सुमनबाई, त्यांचा नवरा, अशा दोन नावांच्या खाली त्यांनी तिसरी ओळ लिहिली: 'अनन्या. वय बारा दिवस. आजोळी आली आहे.'

मी सही केली.